सुरुवातीचा स्तनाचा कॅन्सर: काखेतल्या गाठींची तपासणी कुठल्या क्रमाने करून घ्यावी

स्तनाच्या कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष छातीतल्या गाठीवर खिळतं. डॉक्टर मात्र लगेच काख तपासतात. स्तनातली लसिका (पेशींभोवती झिरपणारं पाण्यासारखं द्रव) बहुतेक काखेकडे वाहते, त्यामुळे कॅन्सरच्या पेशी बाहेर पडल्याच असतील तर पहिल्यांदा तिथल्याच लसिका ग्रंथींत सापडण्याची शक्यता असते. या ग्रंथी म्हणजे रोग नव्हे. प्रत्येकाच्या काखेत त्या साधारण २० ते ३० असतातच. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, ते अशाच ग्रंथी सुजल्यामुळे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालं आहे आणि फाइल सांभाळायचं काम मुलावर, भावावर किंवा सुनेवर आलं आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. गाठ ५ सेंटिमीटरच्या आत, काखेत काही हाताला लागत नाही किंवा एखाददुसरी सुटी गाठ लागते, रोग दुसरीकडे कुठे गेलेला नाही, अशा ‘लवकर सापडलेल्या’ कॅन्सरपुरतंच इथे बोललं आहे. सगळा स्तन लाल, सुजलेला, संत्र्याच्या सालीसारखा झाला असेल तर तो प्रकार वेगळा आणि त्याचे नियमही वेगळे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. काखेचं काय करायचं हे ऑपरेशनच्या आधी, तपासण्या होत असतानाच ठरतं. क्रम उलटा झाला तर काही गोष्टी मागाहून करता येत नाहीत. स्तन पूर्ण काढून झाल्यावर सेंटिनेल नोड, म्हणजे स्तनातली लसिका सर्वात आधी जिथे पोचते ती काखेतली ग्रंथी, शोधता येत नाही. केमो सुरू झाल्यावर काखेत मुळात काय होतं ते सांगता येत नाही. आणि हाताची आधीची मापं नसतील तर सूज कधी सुरू झाली हे कुणालाच कळत नाही.

सगळ्याच गाठी काढून का टाकत नाहीत

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नातेवाईक विचारतो, आणि तो रास्त आहे. पूर्वी सरसकट काढतच असत. अमेरिकेत १९७१ साली सुरू झालेल्या बी-०४ या अभ्यासात काखेत हाताला काहीही न लागणाऱ्या बायांचे गट पाडले. काही जणींच्या काखेतल्या गाठी सुरुवातीलाच काढल्या, काहींच्या तशाच ठेवल्या आणि पुढे गाठ आली तरच काढल्या. ज्यांच्या आधीच काढल्या त्यांच्यातल्या सुमारे ४० टक्के जणींच्या गाठींत रोग निघाला. म्हणजे दुसऱ्या गटातही साधारण तितक्याच जणींच्या काखेत तो असणार. तरीही २५ वर्षांनंतर दोन्ही गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक दिसला नाही.

यातून दोन गोष्टी कळतात. हाताने तपासून ‘काही नाही’ म्हटलेल्या काखेतही रोग असू शकतो, म्हणून नुसत्या बोटांवर विसंबता येत नाही. आणि काख साफ केली म्हणजे आयुष्य वाढतं असंही नाही. काख तपासायची ती पुढचे उपचार (केमो, रेडिएशन, गोळ्या) किती आणि कुठले हे ठरवण्यासाठी, आणि काखेत रोग पुन्हा उठू नये म्हणून.

काढण्याची किंमतही असते. काख पूर्ण साफ केली तर ५ जणींत साधारण एकीच्या हाताला कायमची सूज येते. फक्त सेंटिनेल नोड काढले तर हे प्रमाण २० जणींत एक इतकं खाली येतं. शेतात राबणाऱ्या बाईच्या उजव्या हाताचा सवाल असेल तर हा फरक लहान नाही.

पायरी १: सुरीच्या आधी सुई

सर्वात जास्त गडबड होते ती इथेच. गाठ दिसली, कुणीतरी भूल देऊन ‘काढून टाकली’, गाठ तपासायला पाठवली आणि पंधरा दिवसांनी कॅन्सर निघाला. मग कडा मोकळ्या आहेत का ते माहीत नाही, काखेची सोनोग्राफी झालेली नाही, गाठीचं मूळ माप नाही. कधी कधी तर काढलेली गाठ तपासायला पाठवलेलीच नसते. असं झालं तरी सगळं संपत नाही. नुसती गाठ काढलेली असेल तर सेंटिनेल तपासणी बहुतेक वेळा नंतरही जमते. पण स्तनच काढून टाकला असेल तर ती वाट बंद होते.

म्हणून ऑपरेशनच्या तारखेआधी फाइलमध्ये चार कागद हवेत: दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी, दोन्ही स्तनांची आणि दोन्ही काखांची सोनोग्राफी, गाठीच्या ट्रू-कट बायोप्सीचा (जाड सुईने घेतलेल्या तुकड्याचा) रिपोर्ट, आणि त्याच तुकड्यावर केलेले ईआर, पीआर (हॉर्मोनच्या तपासण्या) आणि हर-२ (एका प्रथिनाची तपासणी) यांचे निकाल. लेप, डाग, जोरात चोळून मालिश यांतलं काहीही गाठीवर किंवा काखेत करू नका. त्याने गाठ जात नाही, कातडी खराब होते आणि तपासणी अवघड होते.

पायरी २: काखेची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास तिथली सुई

चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेस्ट सोनोग्राफी’ असेल तर काख राहून जाऊ शकते. चिठ्ठी लिहून घेताना ‘दोन्ही काखांसह’ हे शब्द घालून घ्या आणि रिपोर्ट आल्यावर पहिल्यांदा तेच शोधा. चांगल्या रिपोर्टात ग्रंथीचा आकार, बाहेरच्या थराची म्हणजे कॉर्टेक्सची जाडी, मधला चरबीचा पांढरा भाग म्हणजे हायलम शाबूत आहे का, आणि संशयास्पद ग्रंथी किती, हे लिहिलेलं असतं. कॉर्टेक्स ३ मिलिमीटरपेक्षा जाड, हायलम दिसत नाही, ग्रंथी लांबटऐवजी गोल झालेली, यांतलं काही असेल तर संशय. ‘काही ग्रंथी दिसतात’ एवढ्या एका ओळीवर पुढचा निर्णय घेता येत नाही. रेडिओलॉजिस्टकडून सविस्तर लिहून मागा, त्यात भीड नको.

संशय असेल तर सोनोग्राफीत बघत बघतच त्या ग्रंथीत सुई घालतात. बारीक सुईने पेशी ओढून घेतात ती एफएनएसी, जाड सुईने तुकडा घेतात ती कोअर बायोप्सी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, पण स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. निकाल वाचताना एक भान ठेवा. सुईत कॅन्सर दिसला तर तो निकाल पक्का. नाही दिसला तर काख मोकळी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. सुई जिथे गेली तिथे तो दिसला नाही, इतकंच.

आपल्या भागात काख फुगण्याची कॅन्सरखेरीज दुसरी कारणंही भरपूर आहेत. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली बोटं, विळ्याची जखम, नखाजवळचा पू, नुकतीच दंडात घेतलेली लस. क्षयरोगही काखेत गाठी करतो. सुईच्या रिपोर्टात ‘ग्रॅन्युलोमा’ लिहिलेलं असेल तर नमुना क्षयाच्या तपासणीला, शक्यतो सीबीनॅटला, पाठवायला सांगा. मात्र क्षय निघाला म्हणून कॅन्सरचा शोध थांबवायचा नाही, कारण एकाच काखेत दोन्ही असू शकतात.

आणखी एक कारण फारसं कुणी विचारत नाही: गोंदण. खान्देशातल्या जुन्या पिढीच्या, विशेषतः आदिवासी बायांच्या हातांवर मनगटापासून वरपर्यंत गोंदलेलं असतं. त्याची शाई वर्षानुवर्षं लसिकेबरोबर काखेत जाऊन साचते. अशा ग्रंथी ऑपरेशनमध्ये काळ्या-निळ्या दिसतात. निळ्या रंगाने सेंटिनेल नोड शोधताना शाईची ग्रंथी आणि रंग चढलेली ग्रंथी यांत घोटाळा होऊ शकतो, आणि मॅमोग्राफीत ती शाई चुन्याच्या कणांसारखीही दिसू शकते. हात साडीच्या पदराखाली झाकलेला असतो, म्हणून गोंदणाचं आपणहून सांगा.

पायरी ३: केमो आधी की ऑपरेशन आधी

सोनोग्राफीत काही नाही, किंवा सुईत काही निघालं नाही, तर सहसा ऑपरेशन आधी आणि त्यातच सेंटिनेल तपासणी. मात्र गाठीच्या प्रकारावरून (हर-२ पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निकाल निगेटिव्ह) केमो आधी द्यायची असं ठरू शकतं. सुईत रोग निघाला तर अनेकदा केमो आधी देतात.

केमो आधी ठरली आणि काखेत सुईने रोग सिद्ध झालेला असेल, तर पहिल्या डोसाआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: त्या ग्रंथीत क्लिप बसवणार का? ती तांदळाच्या कणीपेक्षा लहान धातूची खूण असते आणि सोनोग्राफीत बघून सुईने बसवतात. कारण सरळ आहे. केमोने ग्रंथी आक्रसते, कधी पार ओळखू येईनाशी होते. सहा महिन्यांनी ‘तीच’ ग्रंथी काढली की शेजारची, हे खुणेशिवाय ठरवता येत नाही. झेड-१०७१ नावाच्या अभ्यासात केमोनंतरच्या सेंटिनेल तपासणीत रोग असूनही तो न सापडण्याचं प्रमाण १२.६ टक्के निघालं. दोनच ग्रंथी काढल्या तर ते २१ टक्क्यांच्या वर होतं, तीन किंवा जास्त काढल्या तर ९ टक्क्यांच्या आसपास आलं. क्लिपवाली ग्रंथी काढलेल्यांमध्ये सामील आहे याची खात्री केली तर ते आणखी खाली येतं.

क्लिप सगळीकडे मिळतेच असं नाही. मिळत नसेल तर दोन मार्ग: क्लिप बसेल अशा ठिकाणी फक्त त्या कामापुरतं जाऊन यायचं, किंवा केमोनंतर दुहेरी पद्धतीने (रंग आणि किरणोत्सर्गी औषध दोन्ही) शोधून किमान तीन ग्रंथी काढायच्या. यांतलं काहीच शक्य नसेल तर काख पूर्ण साफ करणं हाच प्रामाणिक पर्याय उरतो.

पायरी ४: सेंटिनेल नोड तपासणी

पांझरेकाठच्या फडाला पाटाचं पाणी सुटलं की आधी तोंडाजवळचं शेत भिजतं, मग पुढची. स्तनातल्या लसिकेचंही तसंच. ज्या एक-दोन ग्रंथींत ती सर्वात आधी पोचते त्या सेंटिनेल नोड. त्यांत रोग नसेल तर पुढच्यांत असण्याची शक्यता कमी, म्हणून पुढच्यांना हात लावायचा नाही. ही पद्धत स्तनाच्या कॅन्सरसाठी १९९३-९४ मध्ये पुढे आली, एका गटाने किरणोत्सर्गी औषधाने आणि दुसऱ्याने निळ्या रंगाने. आज दोन्ही एकत्र वापरणं सर्वात भरवशाचं मानतात.

किरणोत्सर्गी औषध म्हणजे टेक्नेशियम-९९एम. त्याचा जोर दर ६ तासांनी निम्मा होतो, म्हणून ते ऑपरेशनच्या दिवशी किंवा आदल्या दिवशीच टोचतात. प्रमाण इतकं कमी असतं की घरच्यांनी लांब राहायची गरज नसते. मात्र त्यासाठी न्यूक्लियर मेडिसिन विभाग आणि गॅमा प्रोब हे यंत्र लागतं, आणि ते मोठ्या शहरांतल्या केंद्रांतच असतं. निळा रंग बहुधा मेथिलीन ब्लू असतो. भूल दिल्यावर तो स्तनाग्राच्या आसपास टोचतात, काही मिनिटं स्तन हलक्या हाताने चोळतात आणि मग काखेत छोटा छेद घेतात. कातडीच्या वरच्या थरात रंग गेला तर तिथली कातडी मरू शकते, म्हणून तो थोडा खोल आणि पातळ करून टोचायचा असतो. फ्लुओरेसीन आणि आयसीजी हे चमकणारे रंगही काही ठिकाणी वापरतात, त्यांना खास दिवा किंवा कॅमेरा लागतो.

ऑपरेशननंतर लघवी एक-दोन दिवस हिरवट-निळी होते. घाबरू नका. भुलेत असताना बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन थोडा वेळ कमी दिसतो, तोही रंगाचाच परिणाम असतो आणि भूलतज्ज्ञांना हे माहीत असतं. स्तनावरची निळी छटा जायला मात्र काही आठवडे किंवा महिनेही लागू शकतात.

रंग टोचण्याआधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी: गरोदर आहात का (मेथिलीन ब्लू टाळतात), पूर्वी कुठल्या रंगाची किंवा औषधाची ॲलर्जी आली का, आणि नैराश्यासाठी फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी गोळी चालू आहे का, कारण मेथिलीन ब्लूबरोबर या गोळ्या धोकादायक ठरू शकतात. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तरी मेथिलीन ब्लू चालत नाही. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, साक्री या बाजूला, सिकलसेल आढळतो. घरात कुणाला सिकलसेल असेल किंवा कार्ड मिळालेलं असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. अशा बाईला उपाशीपोटी फार वेळ पाण्याशिवाय ठेवायचं नसतं आणि थंडी वाजू द्यायची नसते.

सर्जन निळ्या झालेल्या, प्रोबवर आवाज देणाऱ्या, आणि हाताला कडक लागणाऱ्या सगळ्या ग्रंथी काढतात. शेवटचा प्रकार विसरायचा नसतो. रोगाने पूर्ण भरलेल्या ग्रंथीत लसिका शिरत नाही, मग तिला रंगही चढत नाही. सरासरी दोन-तीन ग्रंथी निघतात. कधी सेंटिनेल सापडतच नाही. तेव्हा काय करायचं, हे संमतीपत्रावर सही करतानाच विचारून ठेवा.

यंत्रं नाहीत तिथे काय करायचं? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने यासाठी एक पद्धत वापरून दाखवली आहे, लो ॲक्झिलरी सॅम्पलिंग. काखेतून जाणाऱ्या पहिल्या इंटरकोस्टोब्रॅकियल नसेच्या खालचा चरबी आणि ग्रंथींचा भाग एकत्र काढायचा. त्याला रंग लागत नाही, प्रोबही लागत नाही. काख मोकळी असणाऱ्या बाईसाठी अनुभवी सर्जनच्या हातात हा चांगला पर्याय आहे. जवळच्या रुग्णालयात ‘सेंटिनेलची सोय नाही, सगळ्या काढू’ असं ऐकलं तर या पद्धतीबद्दल जरूर विचारा. परळच्या टाटा रुग्णालयात जाणं परवडत नाही म्हणून काख पूर्ण गमवावी लागू नये.

काही जणींची तर सेंटिनेल तपासणीही टाळता येते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या साउंड अभ्यासात गाठ २ सेंटिमीटरपर्यंत आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असलेल्या बाया होत्या. काखेला हातही न लावलेल्यांचे पाच वर्षांनंतरचे निकाल सेंटिनेल केलेल्यांइतकेच चांगले आले. २०२५ च्या अमेरिकन मार्गदर्शनानुसार पाळी गेलेली, वय ५० च्या पुढे, गाठ २ सेंटिमीटरच्या आत, ग्रेड १ किंवा २, हॉर्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आणि सोनोग्राफी स्वच्छ, अशा बाईला स्तन वाचवून रेडिएशन देणार असाल तर सेंटिनेल टाळता येते. पण हा सगळा डोलारा सोनोग्राफीवर उभा आहे. काखेबद्दल एक ओळ लिहिलेल्या रिपोर्टावर ही सूट घेऊ नये.

फ्रोझन सेक्शन

ऑपरेशन चालू असतानाच ग्रंथी गोठवून तपासतात, २०-३० मिनिटांत उत्तर येतं. रोग निघाला तर त्याच भुलेत पुढचं काम. पण लहान ठिपके यात सुटतात, त्यामुळे आठ-दहा दिवसांनी येणारा पक्का रिपोर्ट वेगळं सांगू शकतो. हे आधी माहीत असलं की ‘तेव्हा नाही म्हणाले, आता हो म्हणतात’ असा संशय येत नाही. आमचं मत विचाराल तर, स्तन वाचवण्याचं ऑपरेशन होणार असेल तर अनेकदा फ्रोझनची गरजच नसते. का, ते पायरी ६ मध्ये.

पायरी ५: रिपोर्ट वाचणं

पॅथॉलॉजी रिपोर्टात आधी अपूर्णांक शोधा. ‘०/३’ म्हणजे तीन ग्रंथी तपासल्या, एकीतही रोग नाही. ‘१/३’ म्हणजे तिनांत एक. काख पूर्ण साफ केली असेल तर खालचा आकडा किमान १० असावा. ६ किंवा ७ असेल तर पॅथॉलॉजिस्टने नमुना पुन्हा शोधावा असं सर्जनमार्फत विचारा. चरबीत लहान ग्रंथी दडून राहतात.

मग ठिपक्याचा आकार. ०.२ मिलिमीटरपर्यंतच्या सुट्या पेशी रोगाच्या गणतीत धरत नाहीत, ती काख ‘निगेटिव्ह’च. ०.२ ते २ मिलिमीटर म्हणजे मायक्रोमेटास्टॅसिस. २ मिलिमीटरच्या वर मॅक्रोमेटास्टॅसिस, आणि खरा विचार याचाच. १ ते ३ ग्रंथी म्हणजे एन-१, ४ ते ९ म्हणजे एन-२, १० किंवा जास्त म्हणजे एन-३. अक्षराआधी ‘पी’ असेल तर ते काढलेल्या ग्रंथी तपासून ठरवलेलं, ‘सी’ असेल तर हाताने आणि सोनोग्राफीने, ‘वायपी’ असेल तर केमोनंतर. केमोनंतर उरलेल्या लहान ठिपक्यालाही वजन असतं, तिथे ०.२ ची सूट गृहीत धरू नका. ग्रंथीच्या आवरणाबाहेर रोग गेला आहे का, याचीही एक ओळ रिपोर्टात असते. ती नसेल तर मागा.

पायरी ६: सेंटिनेलमध्ये रोग निघाला तर

पूर्वी याचं एकच उत्तर होतं, काख साफ. आता नाही. झेड-००११ अभ्यासात गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, काख हाताला मोकळी, एक किंवा दोनच सेंटिनेल पॉझिटिव्ह, स्तन वाचवलेला आणि पूर्ण स्तनाला रेडिएशन, अशा बायांची काख साफ केली नाही तरी १० वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचं प्रमाण ८६.३ टक्के होतं, आणि साफ केलेल्यांत ८३.६. अमारोस अभ्यासात काख साफ करण्याऐवजी तिला रेडिएशन दिलं. पाच वर्षांत काखेत रोग परतण्याचं प्रमाण दोन्हींकडे फारच कमी (साफ केलेल्यांत ०.४३ आणि रेडिएशन दिलेल्यांत १.१९ टक्के), आणि हाताची सूज मात्र २३ टक्क्यांवरून ११ वर आली.

दोन्ही अभ्यासांतला एक शब्द नीट ऐका: रेडिएशन. ते पूर्ण होणार आहे, या गृहीतावर काख सोडलेली आहे. आपल्याकडे नेमकं हेच फिसकटतं. ऑपरेशन होतं, जखम भरते, बाईला बरं वाटतं, तेवढ्यात कापूस वेचणीला येतो, आणि नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सुरत किंवा मुंबईला तीन आठवडे राहायचं राहून जातं. तीन आठवडे म्हणजे बहुधा १५ डोस, सोमवार ते शुक्रवार. राहण्याची सोय, सोबत कोण, घरची जनावरं कोण बघणार, हे ऑपरेशनच्या आधी ठरवा. खरोखरच जमणार नसेल तर सर्जनला तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ते काखेचा निर्णय वेगळा घेतील. लाजेने ‘हो’ म्हणून नंतर न जाणं हा सर्वात वाईट पर्याय.

महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्डावर उपचार घेणार असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. ऑपरेशनची मंजुरी आधी लागते, नंतर नाही. रेशन कार्ड आणि आधारवरच्या नावात फरक असेल तर तो इथेच अडवतो. नंदुरबारहून सुरत जवळ पडतं, पण तिथे कुठलं कार्ड चालेल याची खात्री निघण्यापूर्वी करा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो.

पायरी ७: ऑपरेशननंतरचा हात

आधी मागे जाऊ. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शिवणाची टेप घेऊन दोन्ही हात मोजा: मनगट, कोपराखाली १० सेंटिमीटर, कोपर, कोपरावर १० सेंटिमीटर. तारीख घालून फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहा. पुढे दर महिन्याला त्याच जागी मोजायचं. फरक आधीपेक्षा २ सेंटिमीटरने वाढला की दाखवायचं. बाई म्हणेल, ‘हात जड वाटस’, आणि टेपवर काही दिसणार नाही. तेही दाखवा, कारण जडपणा सुजेच्या आधी येतो आणि तेव्हाच आवर घालणं सोपं असतं.

काख साफ केली असेल तर ड्रेनची नळी घेऊन घरी याल. रोज ठरलेल्या वेळी रिकामी करा, मिलिलिटर लिहा, नळी बोटांनी वरून खाली सरकवत मोकळी ठेवा. २४ तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी, असं सलग दोन दिवस आलं की साधारण काढतात. लाल पाण्याचं पिवळसर होणं ठीक आहे. एकदम ताजं लाल रक्त, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जा. एकदम बंद झाली आणि काख फुगली तर नळी तुंबलेली असते. ड्रेन काढल्यावर साचलेलं पाणी दवाखान्यात सुईने काढतात. घरी दाबून काढू नका. मे महिन्यात पारा ४४ च्या वर असताना काखेतला घाम टाक्यांना त्रास देतो. सुती कापड, दिवसातून दोनदा बदललेलं, एवढं पुरतं.

हात गळ्यात अडकवून बसणं चूक. पहिल्या दिवसापासून मूठ उघड-मीट, कोपर वाकवणं, खांद्यापर्यंत उचलणं. ड्रेन निघाल्यावर भिंतीवर बोटं चढवायची आणि रोज खडूने खूण करायची. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात काखेतून कोपराकडे दोरीसारखी ताणलेली शीर लागू शकते. तो रोग परतलेला नसतो, ताणाच्या व्यायामाने जाते. दंडाच्या आतल्या बाजूची बधिरता मात्र काही जणींना कायम राहते.

काम करू नका असा सल्ला आम्ही देणार नाही, तो पाळला जात नाही. भाकरी थापा, हळूहळू वजनही उचला. टप्प्याटप्प्याने वजन वाढवलं तर सूज वाढत नाही, हे अभ्यासांत दिसलं आहे. केळीचा घड पहिल्याच महिन्यात खांद्यावर घेणं मात्र नको. कापूस वेचताना त्या हाताला लांब बाही आणि हातमोजा, मिरची खुडताना तसंच, चुलीपाशी चटका लागला तर लगेच धुऊन मलम. त्या हातातल्या पाटल्या, बांगड्या सैल हव्यात, रुतलेली खूण उठायला नको. काख साफ झालेली असेल तर रक्तदाब आणि सलाइनसाठी दुसरा हात पुढे करा. अडचणीच्या वेळी मात्र या हाताला सुई लावली म्हणून भांडू नका.

सूज आलीच तर मापाची दाबबाही, पट्ट्या, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची हलकी मालिश आणि व्यायाम. गावातल्या मालिशवाल्याकडून तेल लावून रगडून घेऊ नका. पाणी कमी होण्याच्या गोळ्यांचा या सुजेवर उपयोग होत नाही. आणि हात अचानक लाल, गरम, दुखरा झाला, थंडी वाजून ताप आला, तर तो जंतुसंसर्ग आहे. त्याला प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. बाजाराच्या दिवसाची वाट बघायची नाही, रात्र असेल तरी निघायचं.